लाभ धरून की लाभ सोडून?

काही घरांत भांडी साठतात, काही घरांत जुने कपडे. आमच्या घरी ह्यांच्या वजनाचे किस्से साठले आहेत. एक सांगायला बसावं तर दुसरा मागून ढुशी देतो, आधी मला सांग म्हणून! परवा राजापेठेतल्या चार जणी घरी आल्या होत्या. हळदीकुंकू झालं, चहा दोनदा झाला, तरी एकही उठेना. "अजून एक सांग व, अजून एक!" शेवटी म्हटलं, लिहूनच ठेवावं. सातवी पास आहे मी, अक्षरही बरं आहे.

तर आमचे हे अमरावतीच्या धान्यबाजारात मापारी. सगळ्या जगाचं वजन करणारा माणूस! ज्वारी, तूर, गहू, जे येईल ते मापायचं आणि मोठ्या आवाजात मोजायचं. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. सुरुवात शुभ व्हावी म्हणून. "लाभ... दोन... तीन..." असं सुरात चालतं. ह्यांचा 'लाभ' बाजाराच्या फाटकापर्यंत ऐकू येतो म्हणतात. आवाज तसा, अंगही तसंच.

माझे सासरेही मापारीच होते. मी त्यांना पाहिलं नाही. ते सकाळी बाजारात धडधाकट गेले आणि दुपारी चार हमालांनी त्यांना उचलून घरी आणलं. लकवा. त्यातून ते उठले नाहीत; बेचाळीस वर्षंही पुरी झाली नाहीत त्यांची. आणि ह्यांचं अंग, मान, चाल, सगळं अगदी मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्याच, वळणावर, असं जो तो येऊन सांगे. आमची बेबी तेव्हा तीन वर्षांची. मला कशाची धास्ती होती ते आता कळलंच असेल. हसायचं तेवढं हसा, पण ही धास्ती ध्यानात ठेवून हसा.

ह्यांचा जन्म तान्ह्या पोळ्याचा. लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार येतात, त्या दिवशी माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, ह्यांना पाटावर बसवून ओवाळतात आणि वयाचा आकडा मोठ्यानं म्हणतात. पोतं मोजल्यासारखा! त्या वर्षी म्हणाल्या, "चाळीस!" हे खुशीत हसले. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "सूनबाई, दिव्यात तेल टाक."

*

त्याच महिन्यात बेबीला खोकला झाला, म्हणून हे तिला घेऊन आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. औषध बेबीचं घ्यायचं होतं, पण डॉक्टर बघत बसले ह्यांच्याकडे. दोन पायऱ्या चढून आलेला माणूस असा धापा टाकतो?

"मापारी, दंड पुढे करा."

प्रेशर मोजायचा पट्टा दंडाला गुंडाळायला गेले तर पट्टा पुरेना! शेवटी कंपाउंडरनं दोन्ही हातांनी टोकं दाबून धरली, तेव्हा मशीन चाललं. आकडा निघाला एकशे नव्वद.

हे खूश! "पट्ट्यात बसत नाई, तरी पहा आकडा!"

डॉक्टर म्हणाले, "मापारी, हा बाजारभाव नाही. हा जितका चढेल तितकं तुमचं नुकसान!"

*

डॉक्टरांनी सांगितलं, एका जेवणाला तीन भाकरी, त्यावर कण नाही. ह्यांनी मान्य केलं. मला तर देवच पावला!

मी रात्रीचं जेवण वाढायला बसले. पहिली भाकरी वाढली, हे म्हणाले, "लाभ." दुसरी वाढली, म्हणाले, "एक." तिसरीला "दोन", चौथीला "तीन. बस्स! डॉक्टरचा शब्द मोडाचा नाई."

मी म्हटलं, "अहो, चार झाल्या!"

"तीन झाल्या. लाभ थोडी मोजत असते कोनी? लाभ मंजे शकुन."

"बाजारात तर लाभानंतर दोन म्हणता!"

"थो बाजार हाये. हे घर हाये."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे वळूनही न पाहता म्हटलं, "तुह्या बापानं जलमभर मापलं, पन कोनाचा लाभ खाल्ला नाई. तू तं भाकरीसकट खाल्ला!"

*

मग डॉक्टरांनी चालायला सांगितलं. रोज सकाळी शाळेच्या मैदानाला पाच फेऱ्या. हे जातात की वाटेतल्या हॉटेलात बसतात, ते बघायला मी बेबीला कडेवर घेऊन मागे गेले.

हे मैदानाच्या फाटकात उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला. जागेवरून हलले नाहीत आणि म्हणाले, "लाभ!"

मग एक फेरी मारली, म्हणाले, "दोन."

मी पळतच समोर गेले. "अहो, जेवताना लाभ मोजत नाही म्हणता, आणि चालताना न चालताच मोजता?"

हे घाम पुसत म्हणाले, "बेबीची माय, मापाऱ्यासंगं मोजमापाचा वाद घालू नोको."

*

आता ऑपरेशनचं सांगते. आमच्या घरचा सगळ्यात मोठा गोंधळ हाच.

बाजारात कुणीतरी पेपर वाचून दाखवला की, अमेरिकेत वजन उतरवायचं ऑपरेशन निघालं आहे. पोट उघडतात, आतडं आखूड करतात, शिवून टाकतात. मग माणसानं काहीही खावं, अंगाला लागतच नाही! हे घरी आले ते पळतच. मैदानाला कधी इतके पळाले नव्हते.

"माय! आतडं कापून घेतो, भाकरी कापाची गरज नाई!"

आत्याबाई म्हणाल्या, "धोतर हाये का थे, आखूड करून आनाले?"

 मला लकव्याची एक भीती होतीच, तिला आता सुरीची जोड मिळाली. पण हे ऐकेनात. अकोल्याला माझं माहेर. तिथे विलायतेत शिकून आलेले एक सर्जन होते. त्यांनाच विचारायचं ठरलं आणि आम्ही निघालो.

बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर वजनाचं मशीन होतं. आणा टाकला की तिकीट बाहेर येई, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ह्यांचं तिकीट आलं: दोनशे छत्तीस पौंड. मागे लिहिलं होतं, 'तुमच्या मनावरचे ओझे लवकरच उतरेल.'

हे म्हणाले, "पहा! मशीननं बी ऑपरेशनच सांगतलं."

*

सर्जनसाहेब शांत माणूस. त्यांनी ह्यांना तपासलं, प्रेशर पाहिलं, मामाजींचं सगळं विचारून घेतलं. मग कागदावर आतड्याचं चित्र काढलं. माणसाचं आतडं वीस-बावीस फूट लांब असतं. त्याचा वरचा थोडा भाग खालच्या भागाला नेऊन जोडतात आणि मधला सगळा वळसा बाजूला ठेवतात. अन्न जवळच्या वाटेनं निघून जातं.

ह्यांना लगेच समजलं! "मंजे साहेब, गाडी बडनेऱ्याहून निंगाली का सुद्दी वर्ध्याले. मधल्या धामनगावले थांबतच नाई, मंग माल चढन कुठून?"

सर्जन हसले. "बरोबर. पण मापारी, धामणगावचे लोक काय खातील?"

हे आपल्या पोटाकडे पाहायला लागले!

मग सर्जनांनी नीट समजावलं. तिकडे ज्यांचं ऑपरेशन केलं त्यांचं वजन उतरतं, पण जुलाब थांबत नाहीत, अंगातली ताकद जाते, काहींचं पोट पुन्हा उघडून सगळं पहिल्यासारखं जोडावं लागतं. इकडे हे कुणी करत नाही, आणि आपणही करणार नाही.

मी पदर सावरून इतका वेळ दाराशी उभी होते. धीर करून विचारलं, "पण साहेब, त्यानं लकवा टळतो का? हृदयाला बरं पडतं का?"

त्यांनी माझ्याकडे वळून, मला बसायला सांगून उत्तर दिलं. "बाई, प्रश्न बरोबर विचारलात. वजन उतरलं की प्रेशर बहुतेक उतरतं, हृदयाचं ओझं कमी होतं, लकव्याची भीतीही कमी होते. जात नाही, कमी होते. पण कापून उतरवलेल्यांचं पुढे काय होतं, हे तिथल्या डॉक्टरांनाही अजून बघायचं आहे. चालून उतरवलेल्यांचं मी रोज बघतो."

मग त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. कधी शंका आली तर ह्यांना हसायला सांगायचं, दोन्ही हात वर करायला सांगायचं आणि नाव विचारायचं. तोंड वाकडं झालं, एक हात उठला नाही किंवा बोबडी वळली, तर एक क्षण न थांबता टांगा बोलवायचा. मी ते तिथल्या तिथे पाठ केलं. पाढे पाठ करताना केलं नसेल इतकं!

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "साहेब हुशार हायेत. फक्त धामनगाव मधात आनाले नोको होतं."

*

तिथून माझ्या माहेरी गेलो. माझ्या दादाचा भाजीपाल्याचा मळा आहे. सर्जन म्हणाले होते, भाजी भरपूर खा. मी आईला सांगितलं, "आई, ह्यांना फक्त भाजी. जास्त काही करू नको."

आईनं फक्त भाजीच केली. भरली वांगी, तेलात तरंगणारी. दोडक्याची, शेंगदाण्याच्या कुटात बुडालेली. पालकाची, वरून लसणाची फोडणी. आणि भाजीबरोबर कोरडं नको म्हणून रोडगे, आणि रोडग्याबरोबर कोरडं नको म्हणून तूप!

"आई, डॉक्टरांनी..."

"त्या डॉक्टरले इचार, थो आपल्या सासरी काय खाते!"

हे पाटावर बसले होते, नजर ताटात. एवढंच म्हणाले, "सासूचा शब्द मोडू नये, बेबीची माय." आणि मग सुरात, "लाभ..."

*

अमरावतीला परत आल्यावर आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी हे जेवायला बसले तर समोर ह्यांची मोठी पितळी नाही. बेबीची छोटी ताटली! वाटीच्या जागी बेबीची वाटी. भाकरीही तळहाताएवढी.

"माय, हे काय?"

"आपरेशन!" आत्याबाई म्हणाल्या. "आतडं लांब हाये तं राहू दे. ताट आखूड केलं."

त्या दिवसापासून आमच्या घरात ऑपरेशन म्हणजे ती ताटली. बेबी तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या बाबाचं ऑपरेशन माझ्याच ताटलीत झालं!" शेजारीण विचारायला आली, टाके किती पडले म्हणून!

पुढचा तान्हा पोळा आला. आत्याबाईंनी ओवाळलं. "एकेचाळीस!" पोळी मात्र त्या ताटलीतच वाढली.

*

दिवाळीनंतर अकोल्याला पुन्हा तपासणीला जायचं होतं. मला बेबीच्या तापामुळे जाता आलं नाही, हे एकटेच गेले. आले ते छाती पुढे काढून. खिशातून बडनेऱ्याच्या मशीनचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. एकशे दोन.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारीच आली! वर्ष सव्वा वर्षापूर्वी दोनशे छत्तीस होते, आता एकशे दोन? अर्ध्याहून जास्त माणूस गेला! टीबी, दुसरं काय! मी भिंतीला टेकून रडायलाच लागले. मी रडते म्हणून बेबी रडायला लागली. हे "अवं आयकून तं घे, आयकून तं घे" करत मधे उभे.

आत्याबाई आल्या. "काहून रडून राहिल्या व दोघी?"

"आत्याबाई, हे अर्धे गेले हो!"

आत्याबाईंनी ह्यांना समोरून पाहिलं. मागे जाऊन पाहिलं. मग मला म्हणाल्या, "कोनता आधा गेला? मले तं दोनी आधे इथंच दिसून राहिले!"

मग ह्यांनी सांगितलं. स्टेशनवरचं मशीन बदललं होतं. आता सगळीकडे किलो आले, तसे मशीनमध्येही आले. आधीचे पौंड होते, आताचे किलो. हिशेबानं खरे उतरले होते ते पाचच किलो.

पाच तर पाच! मी डोळे पुसले, पण तिकीट ठेवून दिलं. अजून आहे माझ्या पेटीत. त्याच्या मागे लिहिलं आहे, 'घरातील माणसांवर विश्वास ठेवा.'

*

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारची वेळ, मी धुणं वाळत घालून आत आले. कोठीच्या खोलीत हे भिंतीकडे तोंड करून उभे. मी हाक मारली. हे वळले.

तोंड वाकडं! एक गाल फुगलेला, ओठ एकीकडे ओढलेला.

सर्जनांनी शिकवलेलं आठवलं. मी ओरडले, "हसा!"

हे हसले. एकाच बाजूनं हसले!

"हात वर करा! दोन्ही!"

डावा हात वर गेला. उजवा पाठीमागेच राहिला. हलेचना!

"नाव सांगा, तुमचं नाव सांगा हो!"

"हूं... ऊं..."

तिन्हीच्या तिन्ही! मी किंचाळले. शेजारचे धावले, कुणी टांगा आणायला पळालं, कुणी हुंगवायला कांदा आणला. बेबी मधे उभी राहून स्वतःचे दोन्ही हात वर करून ओरडत होती, "बाबा, असे करा! असे!" हे मान हलवत होते, डोळ्यांत पाणी, पण शब्द फुटेना.

इतक्यात आत्याबाई गर्दीतून पुढे आल्या. क्षणभर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. मग त्यांनी ह्यांचा पाठीमागचा हात धरून पुढे ओढला. मुठीत तिळाचा लाडू! मग पाठीत अशी थाप घातली की, तोंडातला दुसरा लाडू थेट कांदा आणणाऱ्या बाईच्या पायाशी!

"लकवा नाई व माय," आत्याबाई म्हणाल्या, "लाडू हाये!"

गल्ली हसून हसून आडवी झाली. टांगेवाला दारात आला, त्यालाही लाडू दिला. आत्याबाईंनी ह्यांना विचारलं, "किती झाले रे?"

"लाभच झाला होता माय..."

सगळे गेले. मी मात्र उंबऱ्याशीच बसून राहिले.  हे येऊन खाली माझ्याजवळ बसले.  मग म्हणाले, "इतकं भेतं तू?"

मी बेबीकडे बोट दाखवलं. ती अजून हात वर करून उभी होती.

त्या संध्याकाळी हे जेवायला बसले. पहिली भाकरी वाढली, हे म्हणाले, "लाभ." दुसरी वाढली. मी कान देऊन ऐकत होते.

हे म्हणाले, "दोन."

*

त्यानंतर मैदानाच्या फेऱ्याही खऱ्या झाल्या. फाटकातला लाभ बंद. पुढे पुढे तर मैदान पुरेना म्हणून पार दूर नवाथे भागापर्यंत चालत जायला लागले. बाजारातले हमाल म्हणत, "मापारी, आवाज तेवढाच हाये, पन आता येते कुठून थे दिसत नाई!" डॉक्टरांच्या पट्ट्याची दोन्ही टोकं आता कुणी न दाबता जुळत. एकदा आकडा एकशे पंचेचाळीस आला, तेव्हा डॉक्टर ह्यांना म्हणाले, "मापारी, माल उतरला, भाव पण उतरला!" सर्जनांनी अकोल्याहून निरोप पाठवला की धामणगावच्या लोकांना नमस्कार सांगा.

पण मला आतून चैन नव्हतं. ह्यांची बेचाळीस पुरी व्हायला किती उरले, ते मी कॅलेंडरवर महिन्यामहिन्याला बघत होते. आत्याबाईही बघत होत्या, पण आम्ही दोघी एकमेकींना दाखवत नव्हतो. त्या वर्षी मामाजींच्या तिथीला त्यांनी नेहमीसारखा स्वयंपाक केला. जेवताना एकदाही विनोद केला नाही.

आणि मग तान्हा पोळा आला.

सकाळपासून दारात पोरंच पोरं. लाकडी बैल, बैलांच्या शिंगांना बेगड, गळ्यात कागदी माळा. बेबीचाही बैल होता, तिच्या मामानं अकोल्याहून पाठवलेला, एक चाक डुगडुगणारं. ह्यांनी नवं धोतर नेसलं होतं, ते दोनदा गुंडाळूनही उरत होतं. पाटावर बसले. आत्याबाईंनी तबक घेतलं, निरांजन लावलं. कुंकू लावताना त्यांचं बोट ह्यांच्या कपाळावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिलं.

ओवाळून झालं. आकडा आता त्या म्हणणार. गल्लीतल्या पोरांना हा आकडा दरवर्षी पाठ. कुणीतरी दारातूनच ओरडलं, "आजी, बेचाळीस! बेचाळीस!"

"चूप बसा रे पोट्टेहो!" आत्याबाई कडाडल्या. "मोजनं माह्यं हाये."

 बेबीच्या बैलाचं चाकसुद्धा थांबलं.

आत्याबाईंनी तबक खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला. आणि मामाजी धान्यबाजारात देत असतील अशा आवाजात, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं, म्हणाल्या,

"लाभ!"